डिलिरियमचं टूल निवडताना नेमकं काय काय तपासायचं

वॉर्डात डिलिरियम (आजारपणात अचानक येणारा, कमीजास्त होणारा मानसिक गोंधळ) ओळखायला कुठलं टूल, म्हणजे तपासणीचा फॉर्म, आणायचं यावर मीटिंग बसली की साधारण ठरलेलंच होतं, कुणीतरी म्हणतं कॅम नावाचं टूल घ्या सगळे तेच वापरतात, दुसरं कुणीतरी मोबाइलवर पेपर काढून दाखवतं की बघा याची सेन्सिटिव्हिटी (खऱ्या डिलिरियमवाल्यांपैकी किती टक्के पकडले) नव्वदच्या वर आहे, आणि चहा संपायच्या आत निर्णय होतो. मग फॉर्म छापून येतात, फायलींना लागतात, आणि दोन-तीन महिन्यांनी फायली चाळल्या तर जवळपास सगळीकडे 'निगेटिव्ह'वर टिक. टूल वाईट नसतं बरं का, फक्त ते कुणासाठी, कुणाच्या हातात आणि कशासाठी हे कुणी विचारलेलं नसतं.

माझं एक मत आधीच सांगून टाकतो, पुढे ते परत परत येणार आहे. कुठलंही टूल समोर आलं की सगळ्यात आधी हे बघायचं की जो पेशंट धड उत्तरच देत नाही, डोळे मिटून पडलाय, हाक मारली की 'हं' म्हणतो आणि परत झोपतो, त्याचं हे टूल काय करतं? त्याला स्कोअर देतं का 'तपासता आलं नाही' म्हणून सोडून देतं? कारण डिलिरियममध्ये सगळ्यात जास्त निसटतो तो हाच पेशंट. सलाइन उपटणारा, ओरडणारा पेशंट ओळखायला टूल लागतच नाही, अख्ख्या वॉर्डाला तो माहीत असतो.

आधी ठरवा, टूल कशासाठी हवंय

इथेच निम्मा घोळ होतो. स्क्रीनिंग म्हणजे संशयितांना पटकन वेगळं काढणं, निदान म्हणजे डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं निकषांचं पुस्तक) सारख्या निकषांवर डॉक्टरने नीट तपासून ठरवणं, सिव्हिअरिटी म्हणजे किती तीव्र आहे आणि उतरतंय का चढतंय हे मोजणं, आणि मॉनिटरिंग म्हणजे रोज, शक्यतो दर शिफ्टला, नवीन काही सुरू झालंय का यावर नजर ठेवणं. ही चार कामं वेगळी आहेत आणि एकच टूल चारही कामं नीट करेल अशी अपेक्षा धरू नका.

डीआरएस-आर-९८ हे टूल घ्या. १६ आयटम आहेत, त्यातले १३ तीव्रतेचे आणि ३ निदानाचे. रिसर्चमध्ये किंवा मानसोपचारवाल्यांच्या हातात उत्तम, पण रात्रीच्या ड्युटीला एकट्या सिस्टरला प्रत्येक पेशंटवर भरायला सांगितलं तर ती काय भरणार ते तुम्हीच ओळखा. एमडास नावाचं टूल पण मुळात तीव्रतेसाठीचंच, १० आयटम, ३० पैकी स्कोअर. उलट्या टोकाला राडार आहे, औषधं देता देता सिस्टरने फक्त तीन गोष्टी बघायच्या, पेशंट पेंगुळलेला वाटतोय का, सांगितलेलं पाळायला अडचण येतेय का, हालचाली मंदावल्यात का, आणि हे सरासरी ७ सेकंदांत होतं असं ते बनवणाऱ्यांच्या २०१५ च्या पेपरात आहे. तिथली सेन्सिटिव्हिटी ७३ टक्के आणि स्पेसिफिसिटी (डिलिरियम नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर निगेटिव्ह म्हटलं) ६७, म्हणजे निदानाला काही कामाचं नाही, पण रोज नजर ठेवायला अजिबात वाईट नाही.

फोरएटी (4AT) या चार आयटमच्या छोट्या टूलबद्दल एक गैरसमज खूप दिसतो. ते भरती होताना किंवा संशय आला की करायचं टूल आहे, रोज तीनदा करायचं नाही. त्यात वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावतात, ते त्याच पेशंटला दर शिफ्टला करायला लावलं तर दोन दिवसांत तो तरी वैतागतो किंवा सिस्टर तरी. रोजच्या नजरेसाठी न्यूडेस्क, डॉस, राडार अशी निरीक्षणावर चालणारी टूल्स बरी, आणि त्यात काही दिसलं की मग फोरएटी.

टूल आतून उघडून बघा

नाव आणि टक्के बाजूला ठेवा, फॉर्म हातात घ्या आणि एकेक आयटम वाचत हे शोधा की अटेन्शन, म्हणजे लक्ष टिकवता येणं, प्रत्यक्ष तपासून बघितलं जातंय का नुसतं अंदाजाने लिहायचंय. डिलिरियमचा गाभा अटेन्शनच आहे, गोंधळ, भास, झोपेची उलटापालट हे सगळं त्याच्या भोवती. अटेन्शन न तपासणारं टूल असेल तर त्यामागे तसं कारण हवं, जसं वरच्या निरीक्षणवाल्या टूल्सना वेळेचं कारण आहे.

कॅम १९९० मध्ये शॅरन इनौय आणि सहकाऱ्यांनी आणलं. चार मुद्दे, पहिला म्हणजे अचानक सुरुवात आणि कमीजास्त होणं, दुसरा अटेन्शन नसणं, तिसरा विचारांची विस्कळीत गाडी, चौथा शुद्धीच्या पातळीत बदल. पहिला आणि दुसरा दोन्ही हवेतच आणि तिसरा किंवा चौथा यातला एक. वाचायला इतकं सोपं आहे की लोक बेडच्या पायथ्याशी उभं राहूनच भरतात, पण मूळ पद्धत अशी आहे की आधी पेशंटची छोटीशी कॉग्निटिव्ह (स्मरण, आकलन वगैरेची) तपासणी करायची, बोलायचं, आणि त्या बोलण्यात जे दिसलं त्यावरून हे चार मुद्दे ठरवायचे. ती तपासणी गाळली की कॅम उरतच नाही, उरतात नुसते चार चौकोन. म्हणूनच पुढे थ्रीडी-कॅम आलं २०१४ ला, त्यात कुठल्या मुद्द्याला नेमका कुठला प्रश्न विचारायचा हे बांधून दिलंय आणि साधारण तीन मिनिटांत होतं.

फोरएटीमध्ये चार गोष्टी आहेत. जागेपणा, ज्याला ० किंवा ४. मग वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष, चुकांप्रमाणे ० ते २. मग डिसेंबरपासून उलटे महिने, ० ते २. आणि शेवटी अचानक झालेला बदल किंवा कमीजास्त होणं, परत ० किंवा ४. एकूण ४ किंवा जास्त आलं तर डिलिरियमची शक्यता, १ ते ३ आलं तर कॉग्निटिव्ह अडचण असू शकते, ० आलं तर दोन्हीची शक्यता कमी, पण चौथ्या आयटमची माहितीच अपुरी असेल तर ० वरही डिलिरियम सुटू शकतो, हे तिथे लिहिलेलंच असतं आणि तेच कुणी वाचत नाही.

उलट्या महिन्यांचा आयटम एकदा स्वतः उभं राहून नीट बघाच. आजोबा म्हणतात डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, मग थांबतात, खिडकीकडे बघतात, तुम्ही म्हणता 'ऑक्टोबरच्या आधी?' तर म्हणतात 'नोव्हेंबर, डिसेंबर' आणि गाडी सुलट सुरू होते, मग मध्येच विचारतात तुम्ही कोण. इथे तीन महिने बरोबर आले. सात किंवा जास्त बरोबर आले तर ०, सुरुवात केली पण सातपर्यंत गेले नाहीत किंवा करायलाच नकार दिला तर १, आणि पेंगुळलेले असल्यामुळे, तब्येतीमुळे किंवा लक्षच लागत नसल्यामुळे सुरुवातच करता आली नाही तर २. म्हणजे या आजोबांना १. आणि बघा, जो काहीच करू शकला नाही त्याला इथे सगळ्यात जास्त गुण आहेत, टूल त्याला सोडून देत नाहीये. मी सुरुवातीला जे म्हणत होतो ते हेच.

जे तपासता आले नाहीत ते गेले कुठे

याला वेगळा वेळ द्या. टूलवरचा कुठलाही पेपर उघडला की निकालाच्या टेबलावर उडी मारू नका, आधी किती जणांना अभ्यासात घेतलंच नाही आणि का ते बघा. 'बोलू शकत नव्हते', 'फार झोपेत होते', 'संमती देता आली नाही', 'डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता' अशा कारणांनी गाळलेले पेशंट म्हणजे नेमके तेच ज्यांच्यात डिलिरियम भरपूर असतो. त्यांना वगळून टूल तपासलं तर उरतात ते बऱ्यापैकी बोलणारे, सहकार्य करणारे, आणि त्यांच्यावर टूल छानच चालणार.

पेंगुळलेल्या पेशंटचं काय करायचं यावर २०१४ मध्ये युरोपियन डिलिरियम असोसिएशन आणि अमेरिकन डिलिरियम सोसायटी यांनी मिळून भूमिका मांडली, ती थोडक्यात अशी की कोमा नाहीये पण इतका झोपाळलेला आहे की तपासणी होतच नाही, तर त्याला अटेन्शन नाही असंच धरा, वगळू नका, तेच जास्त सुरक्षित. मला तरी यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही.

आयसीयूत हा प्रश्न जास्त अवघड होतो. कॅम-आयसीयू (कॅमची आयसीयूसाठीची आवृत्ती) करायच्या आधी रास बघायचा, म्हणजे पेशंट किती अस्वस्थ किंवा किती झोपेत आहे याची +४ ते -५ ची स्केल, आणि -४ किंवा -५ असेल तर पेशंट तपासता येत नाही, नंतर परत यायचं. हे 'तपासता येत नाही' म्हणजे 'निगेटिव्ह' नव्हे, पण चार्टवर दोन्हीसाठी तीच रिकामी जागा ठेवली असेल तर महिन्याच्या शेवटी दोन्ही एकातच मोजले जातात. फॉर्मवर तिसरा चौकोन छापून घ्या. अगदी साधी गोष्ट आहे, पण राहून जाते.

पेपर कसा वाचायचा

पहिला प्रश्न, टूलची तुलना कशाशी केलीये. डिलिरियमला रक्ताची अशी टेस्ट नाही की ज्यावरून पक्कं ठरेल, तेव्हा अनुभवी माणसाने डीएसएमच्या निकषांवर केलेलं निदान हाच मापदंड. तुलना दुसऱ्या स्क्रीनिंग टूलशीच असेल, म्हणजे न्यूडेस्क विरुद्ध कॅम वगैरे, तर त्यातून दोन टूल्स एकमेकांशी किती जुळतात एवढंच कळतं, बरोबर कोण ते नाही.

दुसरा, दोन्ही तपासण्यांमध्ये किती वेळ गेला. डिलिरियम सकाळी एक आणि संध्याकाळी एक असतो, त्यामुळे सिस्टरने आठ वाजता टूल केलं आणि डॉक्टरने दुपारी दोनला तपासलं तर दोघं आपापल्या जागी बरोबर असूनही निकाल वेगळा येऊ शकतो. दोन्हीत जितकं कमी अंतर तितकं चांगलं, आणि ते अंतर पेपरात लिहिलेलंच नसेल तर तिथे मोठं प्रश्नचिन्ह टाका. तिसरा, दुसऱ्याने तपासताना पहिल्याचा निकाल माहीत होता का. नाव, रिझल्ट दिसत असेल तर माणूस नकळत तिकडे झुकतोच. हे सगळं पद्धतशीर करायचं असेल तर क्वाडास-२ ही चेकलिस्ट आहे २०११ ची, पेशंट कसे निवडले, टूल कसं केलं, मापदंड काय होता आणि वेळ-क्रम कसा होता असे चार भाग, पहिल्यांदा तासभर जातो नंतर हात बसतो.

चौथा, आकडा किती जणांवरून आलाय. २० डिलिरियमवाल्यांपैकी १८ टूलने पकडले तर सेन्सिटिव्हिटी ९० टक्के छापून येते, पण एवढ्या कमी लोकांवरून खरी किंमत साधारण ७० ते ९७ टक्के यात कुठेही असू शकते. शंभर टक्के दिसलं की मी तर आधी खालची संख्याच बघतो.

आणि पाचवा, जो सगळ्यात महत्त्वाचा, टूल केलं कुणी. कॅमच्या मूळ अभ्यासात सेन्सिटिव्हिटी ९४ ते १०० टक्के आली होती. पुढे २००१ मध्ये इनौय यांच्याच गटाने बघितलं की रोजच्या कामात नर्सेसच्या निरीक्षणांची प्रशिक्षित संशोधकांच्या कॅमशी तुलना केली तर काय होतं, तर डिलिरियम असलेल्या पेशंटपैकी ३१ टक्केच नर्सेसनी ओळखले होते. हायपोअॅक्टिव्ह म्हणजे शांत, पेंगुळलेला प्रकार, ८० च्या पुढचं वय, नजर अधू आणि डिमेन्शिया, या चार गोष्टी असल्या की सुटण्याचं प्रमाण जास्त. आयसीयूत तेच, कॅम-आयसीयूचे २००१ चे पहिले आकडे नव्वदच्या वर, आणि २०११ मध्ये नेदरलँड्सच्या दहा आयसीयूंमध्ये नेहमीच्या नर्सेसनी नेहमीच्या कामात केलेलं बघितलं तर सेन्सिटिव्हिटी ४७ टक्के, स्पेसिफिसिटी ९८. २०१९ मध्ये फोरएटी आणि कॅम समोरासमोर तपासले गेले, फोरएटीची सेन्सिटिव्हिटी ७६ आणि स्पेसिफिसिटी ९४, कॅमची ४० आणि १००. आकडे खाली आले म्हणून दोष द्यायचा तर सिस्टरांना देऊ नका, ज्या टूलला ट्रेनिंग आणि मुलाखत लागते ते ट्रेनिंगशिवाय वापरायला दिलं की असंच होणार. तेव्हा पेपरात 'प्रशिक्षित रिसर्च असिस्टंट' असं लिहिलं असेल तर स्वतःला विचारा, आपल्याकडे ते काम कोण करणार आहे?

फोरएटीवर २०२१ ला १७ अभ्यास एकत्र करून मेटा-अॅनालिसिस झालं, दोन्ही आकडे ८८ टक्क्यांच्या आसपास आले. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२३ मध्ये त्यांची गाइडलाइन बदलली तेव्हा जनरल वॉर्डसाठी फोरएटी आणि आयसीयूसाठी कॅम-आयसीयू किंवा आयसीडीएससी (आयसीयूसाठीचंच दुसरं टूल) असं सुचवलं. सुरुवात कुठून करायची असा प्रश्न असेल तर मी पण हेच म्हणेन.

टक्के तुमच्या वॉर्डावर लावून बघा

कागद घ्या. सेन्सिटिव्हिटी ८८, स्पेसिफिसिटी ८८ धरू. वृद्धांचा वॉर्ड, १००० पेशंट, त्यातले २०० जणांना खरंच डिलिरियम. टूल १७६ पकडणार, २४ सोडणार, आणि उरलेल्या ८०० मधल्या ९६ जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हणणार. म्हणजे पॉझिटिव्ह आले २७२, त्यातले खरे साधारण ६५ टक्के. आता तेच टूल अशा वॉर्डात न्या जिथे १००० मध्ये ५० जणांनाच डिलिरियम आहे. खरे पॉझिटिव्ह ४४, खोटे ११४, म्हणजे टूल पॉझिटिव्ह आलेल्या साधारण चारातला एकच खरा. टूल तेच, टक्के तेच, पण दुसऱ्या वॉर्डातले डॉक्टर आठवड्यात कंटाळून म्हणणार की हे काही खरं नाही. अशा ठिकाणी सरसकट सगळ्यांवर न करता धोका जास्त असलेल्यांवरच करा, नाहीतर दोन पायऱ्या ठेवा. दोन पायऱ्यांचं उदाहरण म्हणजे यूबी-२, फक्त उलटे महिने आणि आज वार कोणता, सेन्सिटिव्हिटी ९३ आणि स्पेसिफिसिटी ६४. यात पास झालेल्यांना सोडायचं, नापास झालेल्यांनाच पुढचं सविस्तर टूल.

दोन सिस्टरांचं एकमत किती हे मोजतानाही फसगत होते. समजा १०० पेशंट, दोघींनी प्रत्येकी १० पॉझिटिव्ह म्हटले, पण दोघींचे सारखे फक्त ५. एकमत झालं ९० टक्के, ऐकायला भारी! पण एवढ्या निगेटिव्हच्या गर्दीत नुसत्या योगायोगानेही ८२ टक्के जुळलंच असतं, आणि तो भाग वजा केला की कापा नावाचा आकडा येतो ०.४४, म्हणजे जेमतेम. पेपरात नुसते एकमताचे टक्के असतील आणि कापा नसेल तर पुढे जाऊ नका.

भाषा, शाळा, कान, चष्मा

कॅम-आयसीयूमध्ये पेशंटला अक्षरं एकेक करून ऐकवायची आणि ठरलेलं अक्षर आलं की हात दाबायचा, १० अक्षरांत दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे अटेन्शन नाही. आता ज्याला ती इंग्रजी अक्षरंच ओळखीची नाहीत त्याच्या चुका डिलिरियमच्या का शिक्षणाच्या? त्यासाठी चित्रांची आवृत्ती आहे, किंवा रीतसर भाषांतर करून, उलट भाषांतर करून, परत तपासलेली आवृत्ती वापरायची. बेडपाशी उभं राहून मनाने भाषांतर करू नका, कारण मग प्रत्येक शिफ्टचं टूल वेगळं होतं. महिने उलटे म्हणणं पण शाळा न झालेल्याला धडधाकट असतानाही जड जातं.

टूल करायच्या आधी कानाचं मशीन लावलंय का, चष्मा डोळ्यावर आहे का का ड्रॉवरमध्ये, हे बघणं टूलच्या सूचनांतच लिहून टाका. डिमेन्शिया असलेल्यांत बऱ्याच टूल्सची स्पेसिफिसिटी घसरते, थ्रीडी-कॅमची एकूण ९४ होती ती डिमेन्शियावाल्यांत ८६ झाली. तिथे खरा आधार नातेवाइकांचा, 'यांचं नेहमी असंच असतं का हे आत्ता सुरू झालंय' हा एक प्रश्न. त्यावरच बेतलेलं स्किड नावाचं एका प्रश्नाचं टूल पण आहे. त्यामुळे नातेवाईक भेटायला येतात त्या वेळेला टूल करणं शक्य आहे का तेही बघा, मध्यरात्री फोरएटीचा चौथा, अचानक बदलाचा आयटम भरायला माहिती देणारं कुणीच नसतं.

मग ट्रायल घ्या

एक वॉर्ड, थोडे आठवडे. काही पेशंट सिस्टर आणि अनुभवी डॉक्टर दोघांनी, एकमेकांचं न बघता, लागोपाठ तपासायचे, आणि त्यात पेंगुळलेले पेशंट मुद्दाम घ्यायचे. जिथे दोघांचं वेगळं आलं ते सगळे बसून बघायचे, कुठला आयटम चुकतोय ते तिथेच कळतं, बहुतेक वेळा तो अटेन्शन किंवा 'अचानक बदल'वालाच निघतो. पॉझिटिव्ह आल्यावर पुढे काय हे पण ट्रायलच्या आधीच लिहून ठेवा, कुणाला कळवायचं, इन्फेक्शन, औषधं, लघवी अडकणं, बद्धकोष्ठता, वेदना, ऑक्सिजन, साखर, सोडियम हे कुणी आणि किती वेळात बघायचं. पुढचं काही होणार नसेल तर फॉर्म भरायचा उत्साह आपोआप मावळतो आणि ते साहजिक आहे.

नंतर महिन्याला दोनच आकडे काढा, किती पेशंटचं टूल खरंच झालं आणि त्यातले किती टक्के पॉझिटिव्ह. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून मेडिकल वॉर्डातल्या मोठ्या वयाच्या पेशंटमध्ये डिलिरियम साधारण पाचात एकाला दिसतो. तुमच्याकडे तशाच वॉर्डात १०० टक्के फॉर्म भरलेले आणि पॉझिटिव्ह फक्त २ टक्के असतील, तर तुमचे पेशंट इतरांपेक्षा तब्येतीने चांगले आहेत असं समजू नका. फॉर्म नर्सिंग स्टेशनवर बसून भरले जातायत. अशा वेळी टूल बदलायच्या मागे न लागता एका सकाळी राउंडला दहा-बारा बेडवर स्वतः उलटे महिने विचारत फिरा आणि मग त्याच फायली उघडून ताडून बघा.